इंदूरच्या मराठी ग्रुपवर आलेला मेसेज पुढे पाठवायच्या आधी काय काय बघायचं

आपल्याकडे इंदूरमधे मराठी घरातल्या फोनवर दोन राज्यांच्या बातम्या एकत्र येऊन पडतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पुण्याची आत्या, ठाण्याचा मामेभाऊ, नागपूरची नणंद हे सगळे फॅमिली ग्रुपवर, आणि कॉलनीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा ग्रुप हे सगळे हिंदीत. आधी कसं, इथली बातमी हिंदी पेपरात यायची, महाराष्ट्रातली पत्रातून नाहीतर सुट्टीत आलेल्या पाहुण्यांकडून कळायची, त्यामुळे कुठली गोष्ट कुठली हे आपोआप कळायचं. आता सगळं एकाच पडद्यावर, एकाखाली एक, आणि तेही मराठीत लिहिलेलं असलं की आपल्याला वाटतं आपल्यासाठीच आहे. त्यात पाठवणारे काका सख्खे, म्हणजे खरंच असणार असं गृहीत धरून आपण पुढे ढकलून देतो. पण काकांनी ते लिहिलेलं नसतं हो, त्यांनाही कोणीतरी पाठवलेलंच असतं. आणि तुम्ही पुढे पाठवलं की पुढचा माणूस ते तुमच्या नावावर वाचतो, तुमच्या भरवशावर पैसे भरतो, औषध बदलतो, मुलांना शाळेत पाठवत नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी बघायचं, हा मेसेज कुठल्या राज्याचा आहे. एकच उदाहरण नीट सांगते कारण यात आपल्याकडच्या बायका खरोखर अडकतात. मध्य प्रदेशात 2023 साली लाडली बहना योजना सुरू झाली, 1000 रुपयांपासून. पुढच्याच वर्षी, 2024 मधे, महाराष्ट्रात माझी लाडकी बहीण योजना आली, तिथे महिन्याला 1500 रुपये. नावं जवळपास सारखी, नियम वेगळे, राज्यं वेगळी, वयाची अट वेगळी (इथे 21 ते 60, तिथे 21 ते 65), आणि महाराष्ट्राच्या योजनेला महाराष्ट्राची रहिवासी असावं लागतं. 2025 मधे महाराष्ट्रात त्या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. आता तिकडच्या नणंदेने चांगल्या मनाने ग्रुपवर टाकलं की "ई-केवायसी करून घ्या नाहीतर हप्ता बंद होईल", तर सुदामा नगरमधल्या मावशींना वाटणारच ना की माझाही हप्ता बंद होणार. मग त्या घाईत मेसेजखालची लिंक दाबतात, आधार नंबर टाकतात, आलेला ओटीपी टाकतात, आणि ती लिंक ना मध्य प्रदेश सरकारची असते ना महाराष्ट्र सरकारची.

लिंक कशी वाचायची ते शिकून घ्या, एकदा कळलं की सोपं आहे. पत्त्यात "एचटीटीपीएस" नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या अगदी आधी काय लिहिलंय ते बघा. आपल्या सरकारच्या योजनेचं असेल तर तिथे "एमपी डॉट गव्ह डॉट इन" असतं, महाराष्ट्राचं असेल तर "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन". पत्त्याच्या सुरुवातीला लाडली बहना, पीएम, सरकारी, काहीही लिहिलेलं असू देत, त्याला अर्थ नाही, ते कोणीही लिहू शकतं. शेवट "गव्ह डॉट इन" नसेल तर तिथे आधार टाकायचा नाही. आणि मावशींना लिंक वाचणं जमत नसेल तर सरळ सांगा की वॉर्डच्या ऑफिसात नाहीतर आंगनवाडीच्या ताईंना विचारा, किंवा 181 वर फोन करा, ती आपल्या राज्याची सीएम हेल्पलाइन आहे.

भाषेवरून पण बरंच कळतं आणि हे आपल्याला इथे राहून जास्त चांगलं कळायला पाहिजे. मेसेजमधे "जिल्हाधिकारी कार्यालय" असेल, "महावितरण" असेल, "जिल्हा परिषद शाळा" असेल तर तो महाराष्ट्राचा आहे, आपल्याकडे कलेक्टर, बिजली कंपनी आणि सरकारी स्कूल असतं, आणि इथलं सरकारी पत्र हिंदीत निघतं. म्हणजे "उद्या अतिवृष्टीमुळे सर्व शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश" असं शुद्ध मराठीत आलं तर मुलांचं दप्तर बाजूला ठेवू नका, आधी शाळेच्या ग्रुपवर बघा. जागांच्या नावांचंही तसंच. राजवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच राजवाडा येतो, पण साताऱ्यातही राजवाडा आहे आणि "राजवाड्याजवळ भीषण आग, रस्ता बंद" हा मेसेज तिकडचा असू शकतो. टिळक नगर, शिवाजी नगर तर विचारूच नका, प्रत्येक गावात आहे.

दुसरं, तारीख. खोट्या मेसेजपेक्षा शिळे मेसेज जास्त फिरतात असं माझं स्पष्ट मत आहे. "उद्या संध्याकाळी पाणी येणार नाही", यातलं उद्या म्हणजे कधीचं उद्या? ज्याने लिहिलं त्याचं उद्या केव्हाच होऊन गेलं आणि मेसेज अजून फिरतोय. नळाचं, कचरागाडीचं, रस्त्याचं काही असेल तर इंदौर 311 ॲप आहे महापालिकेचं, तिथे बघा. विजेचं असेल तर 1912. कायद्याच्या मेसेजमधे एक खूण लक्षात ठेवा, 1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झालेत, त्यामुळे आता जमावबंदीचा आदेश निघाला तर त्यात बीएनएसएसची (म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची) कलम 163 लिहिलेली असते. बोलताना लोक अजून धारा 144 च म्हणतात, त्यात काही नाही, पण सही-शिक्क्याचं पत्र फिरतंय आणि त्यात 144 लिहिलंय तर ते पत्र बहुतेक जुनं आहे नाहीतर बनवलेलं. तसंच इंदूरमधे डिसेंबर 2021 पासून पोलीस कमिश्नर आहेत, शहराच्या पोलिसांच्या नावाने जे पत्र फिरतंय त्याच्यावर कोणाची सही आहे तेही बघा, कमिश्नर यायच्या आधीच्या जुन्या पदाची असेल तर पत्रही बहुतेक जुनंच.

व्हिडिओचं काय करायचं? पहिलं म्हणजे आवाज चालू करून ऐका, लोक कुठली भाषा बोलतायत. आपल्या इंदूरची हिंदी लपत नाही, एखादा "अरे भिया" ऐकू आलाच पाहिजे गर्दीत. मग दुकानांच्या पाट्या बघा, गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. एमपी 09 म्हणजे इंदूर, एमपी 04 भोपाळ, एमपी 07 ग्वाल्हेर, एमएच 12 पुणे, जीजे 06 वडोदरा. रस्त्यावर दंगा दाखवलाय, खाली लिहिलंय "इंदूर, आत्ताची घटना", आणि सगळ्या गाड्या दुसऱ्याच राज्याच्या, तर प्रश्नच मिटला. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे आपल्या रंगाच्या मिरवणुकीचे, जुने व्हिडिओ दर वर्षी "आत्ताचं लाइव्ह" म्हणून येतात, त्याने नुकसान काही होत नाही, पण दंग्याचा, अपघाताचा, मुलं पळवणाऱ्यांचा जुना व्हिडिओ नव्याने आला तर माणसं मरतात. हे मी वाढवून सांगत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच भटक्या माणसांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागायला आलेली. त्या वर्षी देशभर असे मेसेज फिरत होते. त्यानंतरच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 पासून जो मेसेज खूप वेळा फिरून आलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मेसेजच्या वर दोन बाण दिसतात ना, फॉरवर्डेड मेनी टाइम्स, ते त्याचंच. ते दोन बाण दिसले की समजायचं की पाठवणाऱ्याला मूळ माणूस माहीतच नाही.

फोटो असेल तर गूगल लेन्स वापरा. फोटोवर बोट ठेवून सेव्ह करा, गूगल ॲपमधे कॅमेऱ्याची खूण दाबा, तो फोटो निवडा, हा फोटो आधी कुठे कुठे आलाय ते समोर येतं. दिवाळीच्या रात्री नासाने काढलेला भारताचा फोटो म्हणून जे रंगीबेरंगी चित्र दर वर्षी येतं, ते दिवाळीचं नाहीच, वेगवेगळ्या वर्षांचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवलेला नकाशा आहे तो, आणि नासानेच 2012 मधे हे सांगितलेलं आहे. तरी येतोच. व्हिडिओ असेल तर त्यातल्या एखाद्या जागेवर थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो लेन्समधे टाका.

आता तर चेहरा आणि आवाजही बनवता येतो. जानेवारी 2024 मधे सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करतानाचा व्हिडिओ फिरला होता, आवाज हुबेहूब त्याचा, आणि शेवटी त्याला स्वतः सांगावं लागलं की हा मी नाही. म्हणून कुठलाही मोठा माणूस पैसे दुप्पट करायचं, डायबिटीज मुळापासून घालवायचं असं सांगत असेल तर तो तो नाहीच असं धरून चाला.

पेपरचं कात्रण आलं की आपल्या पिढीला लगेच खरं वाटतं, छापलेलं आहे ना! पण कात्रण बनवून देणाऱ्या वेबसाइट आहेत, मथळा टाइप करा, फोटो टाका, झालं कात्रण तयार. कात्रणात पेपरचं नाव, तारीख, गाव, पान काहीच नसेल तर ते कात्रण नाही. नाव असेल तर त्या पेपरच्या ई-पेपरवर त्या तारखेचं पान उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. केंद्र सरकारबद्दलचं काही असेल, म्हणजे नोटा बंद, पेन्शन बंद, सगळ्यांना फ्री लॅपटॉप, तर पीआयबी फॅक्ट चेक म्हणून सरकारचीच सोय आहे, 8799711259 या नंबरवर व्हॉट्सॲपने मेसेज पाठवता येतो. बाकी बातम्यांसाठी एकच करा, तीच बातमी दोन वेगळ्या पेपरांनी दिलीय का बघा, आणि दोघांनीही "सोशल मीडियावर व्हायरल" एवढंच लिहिलं असेल तर ती दोन ठिकाणची बातमी धरू नका, दोघांनी एकच फॉरवर्ड वाचलाय.

पैशाचं जिथे असेल तिथे तपासत बसायचं नाही, तिथे फक्त थांबायचं. लग्नाची पत्रिका म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी डॉट एपीके असं असतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, एपीके म्हणजे ॲप, ते उघडून इन्स्टॉल केलं की तुमचे एसएमएस दुसऱ्याला दिसायला लागतात आणि बँकेचे ओटीपी तिकडे जातात. गाडीच्या चालानच्या नावाने पण हेच येतं, बँकेच्या केवायसीच्या नावाने पण हेच. "आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" हा मेसेज तर किती जणांना आला असेल, त्या नंबरवर फोन करायचा नाही, बिलावर छापलेल्या नंबरवर करायचा.

आणि डिजिटल अरेस्ट. वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने पार्सलमधे ड्रग्ज सापडलं म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो, घरात कोणाला सांगू नका म्हणतो. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पोलीस, सीबीआय, कोर्ट, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, पैसे मागत नाही. ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमधे पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. घरात आईवडील एकटे असतील, मुलं बंगलोरला नाहीतर बाहेरदेशी असतील, तर त्यांना हे फोनवरून नाही, समोर बसून सांगा. "कोणाला सांगू नका" असं जो म्हणेल त्याचा फोन तिथेच ठेवायचा आणि शेजारी जाऊन सांगायचं, एवढं एक वाक्य फ्रिजवर लिहून लावा. पैसे गेलेच तर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन, उद्या सकाळी बघू असं नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर परत मिळायची आशा असते. हाताशी बँकेचं नाव, किती पैसे, किती वाजता आणि व्यवहाराचा नंबर ठेवा, यूपीआयमधे तो 12 आकड्यांचा असतो. लाज वाटून गप्प बसू नका आणि घरच्यांनी पण त्या वेळी रागवू नका, रागावलं की पुढच्या वेळी ते माणूस सांगतच नाही.

ओळखीच्या नंबरवरून "अर्जंट 20 हजार पाठव, संध्याकाळी देतो" असं आलं तर साधा फोन लावून आवाज ऐका, आणि ज्या गोष्टी घरच्यांनाच माहीत असतात अशी एखादी विचारा. व्हॉट्सॲपचा सहा आकड्यांचा कोड कोणी मागितला, भले तो सख्खा भाचा असू दे, द्यायचा नाही. सेटिंगमधे टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ठेवा.

आता अवघड काम, मोठ्या माणसांना सांगायचं कसं. ग्रुपवर सगळ्यांसमोर "काका हे फेक आहे" असं लिहू नका. काकांनी ते काळजीपोटी टाकलेलं असतं, आणि रिटायर झाल्यावर, मुलं दूर गेल्यावर, रोज सकाळी ग्रुपवर काहीतरी टाकणं हे त्यांचं आपल्याशी बोलणंच आहे, हे मला फार मनापासून वाटतं. त्यांना फोन करा. आधी तब्येत विचारा, गुडघे कसे आहेत विचारा, मग म्हणा, "काका, तुम्ही तो कारल्याच्या रसाचा मेसेज टाकलात ना, मी बघितलं, त्यात डॉक्टरचं नाव आहे पण कुठल्या हॉस्पिटलचे ते काहीच नाहीये, आणि आपल्या आत्या शुगरच्या गोळ्या बंद करतील की काय अशी मला भीती वाटतेय, तुम्हीच ग्रुपवर एकदा लिहाल का की गोळ्या बंद करू नका म्हणून?" त्यांनाच लिहू द्या. मान राहतो आणि पुढच्या वेळी तेच आपल्याला आधी विचारतात, "अगं, हे खरं आहे का गं?" मेसेज पाठवून दोन दिवसांच्या आत असेल तर डिलीट फॉर एव्हरीवन करता येतं, ते कसं करायचं तेही त्याच फोनवर सांगा. पण हे करतानाही घाई नको, बऱ्याच जणांना आपला मेसेज पुसला म्हणजे अपमान झाला असं वाटतं.

तुम्ही ॲडमिन असाल तर तुमच्या हातात थोडं जास्त आहे. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. गणपतीत, निवडणुकीत, गावात काही तणाव असला तर ग्रुप काही दिवस फक्त ॲडमिन लिहू शकतील असा करून ठेवता येतो, आणि त्याचं कारण आधी दोन ओळीत लिहा म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. "एका मेंबरने काही टाकलं तर ॲडमिनला जेल" असाही मेसेज फिरतो, त्याने घाबरू नका, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मधे सांगितलंय की मेंबरच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्याचा त्यात हात असल्याचं दिसायला हवं. ते महाराष्ट्रातलं प्रकरण आहे हे ध्यानात ठेवा आणि म्हणून काहीही चालू द्यायचं असंही नाही. तीन निळ्या टिक म्हणजे सरकार वाचतंय, हा तर निव्वळ बनाव.

मुलांचं थोडक्यात. त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरून बातमी येतच नाही, रीलवरून येते, आणि रील बनवणारा तीस सेकंदांत ओरडून सांगतो म्हणून त्यांना तो पत्रकार वाटतो. ओरडू नका, सोबत बसून एकदा लेन्स वापरून दाखवा, मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात आणि मग आजोबांनाही शिकवतात.

शेवटी आपण स्वतः जे लिहितो त्याबद्दल, कारण शिळा मेसेज कोणीतरी आपल्यासारख्यानेच लिहिलेला असतो. मंडळाचा कार्यक्रम असो, नाटकाची तिकिटं असोत की कोणाच्या तेराव्याची वेळ, "उद्या", "रविवारी", "नेहमीच्या जागी" असं लिहायचं नाही. पूर्ण तारीख वर्षासकट, वार, वेळ, हॉलचं नाव आणि कॉलनी, शहर इंदूर, आणि शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. शहर लिहायला विसरू नका, तो मेसेज पुण्याला जाणारच आहे. आणि रक्त हवंय असा मेसेज टाकत असाल तर रक्तगट, हॉस्पिटल, तारीख, कधीपर्यंत हवंय ती वेळ हे सगळं त्यात हवंच, आणि रक्त मिळालं की त्याच सगळ्या ग्रुपवर परत लिहा, "मिळालं, आता फॉरवर्ड करू नका". पेशंटच्या घरच्यांना पुढचे कितीतरी महिने अनोळखी माणसांचे फोन येत राहतात, आणि कधीकधी तोपर्यंत तो पेशंट राहिलेला नसतो.